घरकुल मंजूर, पण पायाखालची जागा कोणाची?

ग्रामपंचायतीच्या फलकावर घरकुलाची यादी लागली की आमच्या वस्त्यांमध्ये त्या दिवशी दुसरा विषय नसतो. नाव निघाले तो पेढे वाटतो, नाव निघाले नाही तो सरपंचाच्या दारात जाऊन उभा राहतो. मग कागदपत्रांची मागणी येते. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, जॉब कार्ड आणि जागेचा उतारा. पहिले चार कागद असतात. पाचव्या कागदाशी सारे अडते. उतारा नाही म्हणून फाईल पंचायत समितीत पडून राहते आणि एके दिवशी तिच्यावर शेरा पडतो, 'लाभार्थ्याकडे जागा उपलब्ध नाही.' मंजूर यादीत नाव असलेला माणूस पुन्हा गळक्या पत्र्याखाली दुसरा पावसाळा काढतो.

आम्ही कोर्टात वकिली करतो आणि कोर्टाबाहेर चळवळीचे काम करतो. घरकुलाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे दुखणे हप्त्यांचे नसते, जागेचे असते. म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. पायाखालची जागा कुटुंबाच्या नावावर केल्याशिवाय दिलेले घरकुल म्हणजे मालकी नव्हे, ती मेहेरबानी आहे. मेहेरबानी काढून घेता येते, हक्क काढून घेता येत नाही. शासनाने आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आधी जागेचा प्रश्न सोडवावा, मग विटा मोजाव्यात.

योजना कमी आहेत असे कोणी म्हणणार नाही. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली ती अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त झालेले वेठबिगार यांच्यासाठी. पुढे ती इतर गरिबांनाही खुली झाली आणि १९९६ पासून स्वतंत्र योजना म्हणून चालली. परंतु १९८५ साली केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थानच नव्हते. धम्म स्वीकारला म्हणून सवलत गेली, गरिबी मात्र गेली नाही. ती चूक दुरुस्त व्हायला १९९० साल उजाडावे लागले. २००८ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांसाठी स्वतंत्र योजना काढली आणि तिला माता रमाईंचे नाव दिले. २०१६ मध्ये इंदिरा आवासची जागा प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणने घेतली. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार, घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट, शौचालयाचे १२ हजार वेगळे, शिवाय रोजगार हमीतून मजुरी, अशी तिची रचना ठरली. २०२४ मध्ये योजनेला २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि देशभरात आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट जाहीर झाले. २०२५ मध्ये राज्य शासनाने अनुदानात ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले, त्यातले १५ हजार छतावरील सौर पॅनेलसाठी.

म्हणजे छपरावर सूर्याची वीज येणार. चांगली गोष्ट आहे, तिचे स्वागत आहे. पण त्या छपराखालची जमीन सातबाऱ्यावर कोणाची आहे, हा प्रश्न कोणी विचारायचा?

हा प्रश्न आमच्याच वाट्याला का येतो, ते समजून घ्यायचे तर गावगाडा पाहावा लागतो. गावठाण म्हणजे गावाची वस्तीची हद्द. ती ठरली तेव्हा पाटील, देशमुख, कुलकर्णी यांची घरे हद्दीच्या आत आली आणि आमचे पूर्वज वेशीबाहेर राहिले. कोणी गायरानाच्या कडेला, कोणी ओढ्याच्या काठी, कोणी महार वतनाच्या तुकड्यावर. महार वतन ही गुलामीची साखळी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १ ऑगस्ट १९५९ पासून. वतन गेले. फेरप्रदान झालेल्या जमिनीवर मात्र 'नवीन शर्त' बसली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर बंद झाले. म्हणजे जिथे उतारा आहे, तिथेही तो मोकळा नाही.

बाबासाहेबांना हा धोका आधीच दिसला होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी पडीक जमीन आणि त्यासाठी एक वसाहत आयोग मागितला होता. घर मागण्याआधी त्यांनी जमीन मागितली, हा क्रम लक्षात घ्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, तीही जमिनीसाठीच. आज आम्ही घरकुलाच्या यादीसाठी भांडतो आणि जमिनीचे नावही काढत नाही. चळवळीची मागणी इतकी आखडली कशी, याचा विचार समाजाने केला पाहिजे.

आता कागदांकडे वळू. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. आमचे बहुतेक बांधव तोच कागद फायलीत जपून ठेवतात आणि त्यालाच मालकीचा पुरावा समजतात. कायद्याने तो कर आकारणीचा कागद आहे. तीन पिढ्या घरपट्टी भरली म्हणून जागा आपोआप नावावर होत नाही. ग्रामपंचायत पट्टी घेताना 'तुम्ही अतिक्रमक आहात' असे म्हणत नाही, पण घरकुल द्यायची वेळ आली की तोच शब्द तोंडावर फेकते. कर घ्यायला आम्ही रहिवासी आणि घर द्यायला अतिक्रमक, हा कुठला न्याय?

केंद्राने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनने मोजणी करून गावठाणातील प्रत्येक घराला मिळकत पत्रिका द्यायची, अशी ही योजना. तिची कल्पना महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावी आधी अजमावली गेली होती. योजना उपयुक्त आहे यात वाद नाही. मिळकत पत्रिकेवर बँक कर्ज देते, वारसनोंद होते, भांडणे मिटतात. पण ड्रोन उडतो तो गावठाणावर. गावठाणाच्या रेषेबाहेर गायरानावर वसलेली भीमनगरे आणि समतानगरे त्या पत्रिकेत येत नाहीत. पूर्वी वेस दगडामातीची होती, आता ती नकाशावरची रेषा झाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली, अभिलेख बदलला नाही.

गायरानाचा विषय काढला की महसूल खात्याचा अधिकारी लगेच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतो. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, २८ जानेवारी २०११. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढावीत, असा तो निकाल आहे हे खरे. धनदांडग्यांनी गिळलेली गायराने मोकळी झालीच पाहिजेत, याबद्दल आमचेही दुमत नाही. पण निकाल शेवटपर्यंत वाचायचा असतो. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, अशा प्रकरणांसाठी त्याच निकालात अपवाद ठेवला आहे. हा अपवाद कोणी वाचून दाखवत नाही. त्याचा अर्थ सरळ आहे. न्यायालयाने दार बंद केलेले नाही, किल्ली शासनाकडे ठेवली आहे. शासनाने अधिसूचना काढायची, पट्टा द्यायचा, मग ते घर संरक्षणात येते. अधिसूचना काढायची नाही आणि वर न्यायालयाचा हवाला द्यायचा, ही लबाडी आहे.

शासनाला हे करता येते, हे शासनानेच दाखवून दिले आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने गायरानावरील शेतीची अतिक्रमणे १४ एप्रिल १९९० ही तारीख धरून नियमित करण्याचे धोरण आले. २०१८ मध्ये ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ५१ खाली अतिक्रमण नियमित करण्याचा आणि कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कायदा आहे, कलमे आहेत, निर्णयही आहेत. तरी २०२२ च्या अखेरीस गायरानावरील घरांना नोटिसा निघाल्या तेव्हा अनेक गावांत असे दिसले की, २०१८ च्या निर्णयाची माहितीच कोणी वस्तीपर्यंत पोहोचवली नव्हती. ज्यांना घर मिळायचे होते, त्यांनाच घर पाडण्याचा कागद आधी मिळाला.

यावर सरकारी उत्तर ठरलेले असते. जागा नसलेल्यांसाठी जागा खरेदीला अर्थसाहाय्य आहे ना! होय, आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी ५० हजार मिळत होते, २०२४ पासून एक लाखापर्यंत मिळतात. रक्कम वाढली हे बरे झाले. पण गावात जागा विकणारा कोण आणि कोणाला विकणार, हा व्यवहार रकमेवर चालत नाही, जातीवर चालतो. मोक्याची जागा आमच्या माणसाला द्यायची म्हटली की विकणाऱ्याच्या भाऊबंदांना अचानक त्या जागेची गरज पडते. मिळते ती खळग्यातली, रस्ता नसलेली. त्यात तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येत होता. शेतजमिनीतून गुंठा-अर्धा गुंठा घेतला तर त्याची नोंद लागत नव्हती. घरकुलासाठी या नियमांत सवलत मिळाली ती अगदी अलीकडे. तलाठी कार्यालयात ती किती ठिकाणी पोहोचली, हे प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने स्वतः जाऊन तपासावे.

काही शहाणे आम्हाला विचारतात, सरकारने घरही द्यायचे, जागाही द्यायची, मग तुम्ही काय करणार? या प्रश्नात प्रामाणिकपणा कमी आणि तुच्छता जास्त असते, तरीही उत्तर देतो. साखर कारखान्यांना, शिक्षण संस्थांना सरकारी जमिनी नाममात्र दराने दिल्या गेल्या तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नाही. केरळात १ जानेवारी १९७० पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणांनी दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्याला पंचायत क्षेत्रात १० सेंटपर्यंत, म्हणजे सुमारे चार गुंठे, जागा विकत घेण्याचा हक्क दिला. राज्य बुडाले नाही. आपल्या महाराष्ट्रात २०११ मध्ये विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि त्यावर २६९ चौरस फुटांचे घर अशी कल्पना आहे. अंमलबजावणीचे रडगाणे वेगळे, पण जागा आधी हा क्रम तिथे शासनाने मान्य केला. तोच क्रम रमाई आवासला का लागू होत नाही?

आता घरदुरुस्तीबद्दल. इंदिरा आवासमध्ये बांधलेली जुनी घरकुले आज जाऊन पाहा. एक खोली, भिंतींना भेगा, स्लॅबची सळई उघडी पडलेली. त्या घरात आता दोन भावांचे संसार आहेत. पण कुटुंबाच्या नावापुढे 'लाभ घेतला' अशी नोंद आहे, म्हणून पुन्हा अर्ज केला की नाकारला जातो. जुन्या योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेसाठी थोडी का होईना रक्कम ठेवलेली होती. प्रधानमंत्री आवास ग्रामीण आली ती नव्या घरांसाठी, पडझड झालेल्या जुन्या घरकुलाच्या दुरुस्तीला तिच्यात जागा नाही. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी तुटपुंज्या पैशांत बांधलेले घर हाच आज त्या कुटुंबाचा अपराध ठरतो.

इथे जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांची जबाबदारी सुरू होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावे परिशिष्ट आले, त्यातला दहावा विषय ग्रामीण गृहनिर्माण हाच आहे. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाच्या २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची आहे. हा पैसा दिल्लीहून येत नाही, तो गावचाच आहे. त्याचे होते काय? कुठे वस्तीच्या कमानीवर, कुठे पेव्हर ब्लॉकवर, कुठे एकाच हौदाच्या तीन बिलांवर तो संपतो. आम्हाला कमानी नकोत. या निधीतून जुन्या घरकुलांच्या दुरुस्तीची योजना आखा. छत, दरवाजा, स्वयंपाकघर, न्हाणीघर यांसाठी ठरावीक रक्कम द्या आणि पडीक झालेल्या घराच्या नावापुढची 'लाभ घेतला' ही नोंद निकालात काढा. २०२२ पासून काही वर्षे बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. सभागृहात विचारणारा कोणी नव्हता. त्या काळातला २० टक्के निधी कुठे गेला, याचा हिशेब मागणे हे तर पहिले काम आहे.

शहरांत चित्र वेगळे नाही. रमाई आवासच्या शहरी विभागात नगरपालिका व महानगरपालिका क्षेत्रात अडीच लाखांचे अनुदान आहे. पंतप्रधान आवास शहरीचा स्वतः घर बांधण्याचा किंवा वाढवण्याचा घटक २०१५ पासून आहे. दोन्हींना मालकीचा कागद लागतो. शहरातली आमची नगरे ज्या जागांवर उभी आहेत तिथे तो कागद नाही. मग अनुदान कोणाला मिळते? ज्याचे आधीच बरे चालले आहे, त्याला.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने मांडतो. घरकुल पत्नीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे असावे, हे इंदिरा आवासपासून चालत आलेले तत्त्व आहे. पण जागाच आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, सात-आठ वारसांपैकी दोघे मुंबई-पुण्याला. अशा वेळी स्टँप पेपरवर संमतीपत्र लिहून काम भागवले जाते आणि त्या कागदावर घरातल्या बाईचे नाव कुठेच नसते. नवरा गेला की दीर तिला त्याच घरकुलातून बाहेर काढतो. अशा बायका आमच्याकडे येतात. त्यांच्या हातात घराचा फोटो असतो, नावाचा कागद नसतो. योजनेला रमाईंचे नाव द्यायचे आणि घर बाईच्या नावावर करायचे नाही, हा त्या माऊलीचा अपमान आहे. हा अपमान सरकार जितके करते, तितकाच आपण घरात करतो.

मग करायचे काय? मोर्चे काढा, पण त्याआधी कागद तयार करा. पहिले, प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी आपल्या वस्तीची यादी स्वतः करावी. कोणते घर गावठाणात, कोणते गायरानावर, कोणते वतनाच्या जमिनीवर, कोणाकडे कोणता कागद आणि तो कोणत्या सालचा. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीज बिले, मतदार याद्या, शाळेचे दाखले जमवा. नमुना ८ ने मालकी सिद्ध होत नसली तरी १ जानेवारी २०११ पूर्वीचा ताबा दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात. दुसरे, वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. तिथे गावठाण विस्ताराचा आणि निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा ठराव लेखी मांडा, इतिवृत्तात आल्याशिवाय उठू नका, त्याची नक्कल घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. तिसरे, माहितीच्या अधिकारात १५ आणि २० टक्के निधीचा पाच वर्षांचा खर्च मागवा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. चौथे, 'जागा उपलब्ध नाही' या शेऱ्यावर नाव वगळले असेल तर तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नका. लेखी कारण मागा. लेखी कारण मिळाले की त्याला वर दाद मागता येते.

आणि राखीव जागांवर निवडून आलेल्या आमच्या सदस्यांना, सरपंचांना एकच विचारणे आहे. घरकुल मंजूर करून दिले म्हणून हप्त्यातून वाटा घेणारे दलाल तुमच्याच अवतीभवती का दिसतात? पहिला हप्ता हातात येण्याआधीच गरीब माणूस सावकाराकडे जातो. त्याच्या पायाच्या दगडातून टक्केवारी काढणाऱ्याला भीमजयंतीच्या मंचावर बसवायचे नाही, एवढे तरी वस्तीने ठरवावे.

शासनाकडे मागणी एका वाक्याची आहे. ज्या कुटुंबाला घरकुल मंजूर होईल, त्याला त्याच आदेशासोबत पती-पत्नीच्या संयुक्त नावाने जागेचा पट्टा द्या, आणि जागा देण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर न टाकता तहसीलदारावर टाका. मुदत ठरवा, मुदतीत जागा दिली नाही तर जाब विचारा. हे झाले तर दोन कोटी घरांच्या घोषणेला अर्थ येईल.

बाबासाहेबांनी १९४७ साली जे मागितले ते अजून मिळालेले नाही. ते मागायचे थांबवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिलेला नाही. येत्या ग्रामसभेला घरकुलाच्या यादीत नाव आहे का, एवढेच पाहून परत येऊ नका. सातबारा कोणाच्या नावावर आहे, ते विचारा.

जय भीम!